बांड्या कुत्र्यांची राजाबाई

शेंद्र्याच्या पुढं, कारखान्यांची शेवटची भिंत जिथं संपते आणि मुरमाड माळ सुरू होतो, तिथं कुणालाही विचारा, "बांड्या कुत्र्यांची बाई कुठं राहते?" ट्रकवाला, चहावाला, गेटवरचा वॉचमन, सगळे हात करून दाखवतील. नाव विचारलं तर मात्र निम्म्यांना सांगता येणार नाही. नाव राजाबाई. जन्म बहात्तरच्या दुष्काळातला. अंगावर कोड. आधी बोटांवर होतं, मग ओठांवर आलं, मग गळ्यावर. आता चेहरा सगळाच पांढरा झालाय. कुणी नवखा माणूस टक लावून बघायला लागला की ती स्वतःच म्हणते, "बघून घे. झाले मी आता एकरंगी. आधी बांडी होते."

ही गोष्ट ती बांडी होती तेव्हाची आहे.

राजाबाईचा बाप बन्सी मेंढपाळ. पावसाळ्यात शेंद्र्याच्या गायरानात त्याची मेंढरं चरायची, उन्हाळ्यात तो पाचोडकडं, कालव्याच्या कडेकडेनं निघून जायचा. पोरगी सोळाची झाली तेव्हा त्यानं तिला फर्दापूरकडच्या एका वाडीत दिली. संसार बरा चालला होता. मग एका उन्हाळ्यात तिच्या डाव्या हाताच्या पेरांवर पांढरं दिसायला लागलं. सासूनं आधी बावची उगाळून लावली, मग अंगारा लावला, मग तिच्या हातची भाकर खायची बंद केली. एक दिवस नवऱ्यानं तिला फाट्यावर आणून एसटीत बसवलं, तिकीट काढून तिच्या हातात दिलं आणि गाडी हलायच्या आत तो खाली उतरला.

ती माहेरी पोचली तेव्हा बन्सी मेंढरं कातरत बसला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. हातातलं मेंढरू सोडलं नाही की कातर थांबवली नाही.

"मेंढीला बांडं कोकरू झालं, तर आपण टाकून देतो का गं?" त्यानं विचारलं.

"नाय, आबा."

"मग? जा, भाकरी टाक. भूक लागलीय."

पुढच्या सोमवारी बन्सीनं बकरं कापलं आणि सगळ्या भावकीला जेवायला बोलावलं. भाकरी राजाबाईनं थापल्या, सगळ्यांसमोर, उघड्यावर चूल मांडून. जे आले ते तिच्या हातचं जेवून गेले. जे आले नाहीत त्यांच्या दारात बन्सी मरेपर्यंत कुठल्या कार्याला गेला नाही.

बन्सीकडं कुत्री होती ती कारवानी. लांब तोंड, खोल छाती, मुठीत मावेल अशी कंबर. पळायला लागली की त्यांचे पाय भुईला लागतात की नाही हेच कळत नाही. या कुत्र्यांना किती रंग असतात म्हणून सांगू! धनगराच्या नजरेला आधी रंगच दिसतो. कातासारखा तांबडा तो खैरा. मातीसारखा तो भुरा. अंगभर वाघासारखे बारीक पट्टे असले की वाघ्या. काळा, करडा, आणि क्वचित एखादा निळसर, पाऊस भरून आल्यावर आभाळ होतं तसा. या सगळ्यांना गिऱ्हाईक असायचं. पिल्लं चालायला लागली की लोक पाचोडहून, पैठणहून यायचे आणि खैरा, काळा, वाघ्या उचलून न्यायचे. मागं राहायचं ते बांडं: पांढऱ्या अंगावर दुसऱ्या रंगाचे मोठाले डाग. कुणी म्हणायचं बांडं अशुभ. कुणी म्हणायचं, ते अंधारात लांबून दिसतं, मग लांडगा आधीच सावध होतो.

माहेरी आल्यावर त्या मागं राहिलेल्या पिल्लांची राजाबाई मालकीण झाली. तिला कुणी दिली नव्हती ती; कुणी नेली नाहीत, म्हणून तिनं घेतली. आणि लांडग्याचं कारण कुणी सांगितलं की तिचं उत्तर तयार असायचं.

"राखणदारानं लपून कामून बसायचं? लांडग्याला दिसलंच पाहिजे इथं कुत्रं हाये म्हून. त्यानं परत जावं. आपल्याला काय त्याची शिकार करायचीय?"

बापाच्या मागं धाकटा भाऊ कडुबा कळपाला कंटाळला. गायरान तोवर निम्मं राहिलं होतं. औरंगाबाद इकडं सरकत होतं. आधी चिकलठाणा गिळला, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी भिंती उठत उठत शेंद्र्यापर्यंत आल्या. जिथं मेंढरं बसवायची तिथं डांबर पडलं. कडुबानं त्याच्या वाट्याची मेंढरं विकली आणि एका कारखान्याच्या गेटवर उभा राहिला. नोकरी लावून दिली ती आप्पासाहेबांनी.

आप्पासाहेब म्हणजे गावातले मोठे जमीनदार. जमिनी कारखान्यांना गेल्या आणि त्यांना नवनवे शौक लागले. आधी घोडा झाला, मग कुत्री. बंगल्यामागं त्यांनी फरशी घातलेले पिंजरे बांधले आणि रामप्रसाद नावाचा माणूस देखभालीला ठेवला. त्यांना हवी होती ती फक्त वाघ्या कुत्री. पट्टे हवेत, ते अंगभर हवेत, आणि पांढरा केस एक नको. त्यांची राणी नावाची कुत्री तशीच होती, नाकापासून शेपटीपर्यंत पट्टेदार. तिच्यासाठी त्यांनी राजाबाईचा खैऱ्या नावाचा कुत्रा मागून नेला, कारण त्याच्यासारखी छाती पंचक्रोशीत दुसऱ्या कुत्र्याला नव्हती. राजाबाईनंही रिवाजाप्रमाणं एका पिल्लाच्या बोलीवर दिला.

बारा साली राणी व्याली. तो पावसाळा म्हणजे नुसतं नावाला पावसाळा होता. एका सकाळी आप्पासाहेबांची जीप माळावर आली. राजाबाई मेंढरांना पाणी दाखवत होती. आप्पासाहेब खाली उतरले नाहीत.

"तुझ्या कुत्र्याच्या रक्तात खोट आहे," ते जीपमधूनच म्हणाले. "माझ्या राणीला दोन बांडी झाली."

"बाकीची?"

"बाकीची चांगली आहेत."

"मग दोन मला द्या. एक बोलीचं, एक वरचं."

"द्यायचा प्रश्नच नाही. लोकांना कळलं राणीला बांडी झाली, तर माझ्या कुत्र्यांना विचारणार कोण? तुझ्या खैऱ्याची आई गावभर फिरलेली असणार."

राजाबाईनं बादली खाली ठेवली. "खैऱ्याची माय बांडीच होती, आप्पासाहेब. मी कवा लपवलं? आन एका हातानं टाळी वाजत नसती. तुमच्या राणीच्या मागं कुठंतरी बांडं असंल, तव्हाच ही झाली."

आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांच्या तोंडून भलतंच निघालं. "तुझ्या अंगावरचं त्यांना लागतंय. तुझ्या हातचं खातात ना ती!"

जीप निघून गेली, पण ते वाक्य माळावर राहिलं. गावात फिरलं, पाचोडच्या बाजारात गेलं. हिचं कोड हिच्या कुत्र्यांना लागतं, अशी बोलवा झाली. तिच्याकडं पिल्लू ठरवून ठेवलेली माणसं यायची थांबली. पाचोडहून एक जण आला तोही पिल्लू न घेता, हातातला चहा तसाच ठेवून जायला उठला. राजाबाईनं तो चहा त्याच्यासमोर स्वतः पिऊन टाकला.

जीप येऊन गेली त्याच दिवशी, दिवस कलताना, रामप्रसाद पोतं घेऊन आला. पोत्यात दोन पिल्लं होती. डोळेही उघडले नव्हते.

"खदानीत टाकायला सांगितलीत," तो म्हणाला. "मला होत नाय, राजाक्का. मी टाकली असं सांगतो. तू बोलू नको."

"तुजं नाव मी घेणार नाय," राजाबाई म्हणाली. "पण पिल्लं कुणाची ते सांगीन. कुणी विचारलं की सांगीन."

एक पिल्लू जगलं नाही. दुसरं मेंढीच्या दुधावर, चिंधीची वात चोखून वाढलं. पांढरंशुभ्र अंग, एक कान काळपट, आणि पाठीवर पट्टेरी डाग असा की पोळ्याच्या बैलावर झूल घालावी. तिनं त्याचं नाव झुल्या ठेवलं. झुल्या मोठा झाला तसा त्याचा रुबाब बघत राहावा असा झाला. छाती बापाची होती. पट्टे आईचे होते, तेही लपायला तयार नव्हते.

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला शहरात कुत्र्यांचं प्रदर्शन भरायचं ठरलं. जिकडंतिकडं फलक लागले. फलकावर आप्पासाहेबांचा फोटो, शेजारी राणी. राजाबाईला वाचता येत नव्हतं, पण राणी ओळखता येत होती.

"मी झुल्याला नेणार," तिनं कडुबाला सांगितलं.

कडुबा कपाळाला हात लावून बसला. "अक्का, माझी नोकरी त्यांच्या शब्दावर हाये."

"तुजी नोकरी तुज्यापाशी. कुत्रं माझं हाये."

"लोक हसतील."

"फर्दापूरहून एसटीत बसून आले तव्हा कुणी हसायचं बाकी ठेवलं होतं का?"

कडुबा उठून कामावर निघून गेला. पण प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ती मेंढरं घेऊन लांब गेली होती, तेवढ्यात त्यानं आपलं डोकं चालवलं. दुपारी ती परत आली तर दारात काळं कुत्रं बांधलेलं. तिला आधी वाटलं, कुणाचं तरी चुकून आलं. कुत्र्यानं शेपूट हलवली तेव्हा तिनं ओळखलं. कडुबानं केसांचा कलप आणून झुल्याला कानापासून शेपटीपर्यंत काळा केला होता.

"आता कुणी काही बोलणार नाय," कडुबा म्हणाला. "ने खुशाल. सगळ्यांत देखणा काळा कारवानी म्हणतील."

राजाबाई त्याच्याशी भांडली नाही. तिनं झुल्याची दोरी सोडली आणि थेट टँकरच्या जागेवर गेली. टँकर नुकताच आला होता आणि बायकांची झुंबड उडाली होती. त्या दिवसांत अंघोळीचं पाणी खाली परातीत धरायचं आणि त्यात कपडे धुवायचे, अशी अवस्था. राजाबाईनं आपल्या वाट्याचे हंडे भरून घेतले, तिथंच बाजूला बसली आणि साबणाचा तुकडा घेऊन कुत्रं धुवायला लागली.

"अगं माय, पाणी!" शेजारची दगडाबाई ओरडली. "येड लागलं का तुला? आता चार रोज पेशील काय?"

"माझ्या वाट्याचं हाये. कुणाचं थेंबभर घेतलं का?"

"पर कुत्र्याला?"

"कुत्र्याला नाय. त्याच्या तोंडाला काळं फासलंय, ते काढतेय. तुज्या पोराच्या तोंडाला कुणी फासलं असतं, तर तू हंडा राखून ठेवला असतास का?"

काळं पाणी मुरमात मुरत गेलं. कलप लवकर सुटेना. पहिला हंडा संपला, दुसराही संपत आला, तरी झुल्या राखाडीच होता. राजाबाईचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. दगडाबाई बडबडत उभी होती ती उभीच राहिली. मग एकाएकी पुढं झाली आणि आपल्या कळशीतलं पाणी तिनं कुत्र्याच्या पाठीवर ओतलं. "घे, बाई. धू एकदाची. तुज्यापुढं देव बी हात टेकील." आणि मग स्वतःच खाली बसून कुत्र्याचे पाय चोळायला लागली.

दुसऱ्या दिवशी दुधाच्या टेम्पोतून राजाबाई शहरात निघाली. टेम्पोवाला कुत्र्याकडं बघून म्हणाला, "मौसी, काटता क्या ये?"

"झूठ बोला तो काटता," राजाबाई म्हणाली. टेम्पोवाला हसला आणि त्यानं कॅन सरकवून जागा केली.

मैदानावर मांडव होता, लाऊडस्पीकर होता, आणि माणसाळलेली, कंगव्यानं विंचरलेली कुत्री होती. दारावरच्या पोरानं तिला अडवलं. "बाई, इथं फक्त जातिवंत कुत्री घेतात."

"मग बरोबर जागी आले मी," असं म्हणून ती आत गेली.

तिची पाळी आली. माइकवाल्यानं विचारलं, "मालकाचं नाव?"

"राजाबाई बन्सी. शेंद्रा."

"कुत्र्याचं?"

"झुल्या."

"बाप कोण?"

"खैऱ्या. माझाच."

"आणि आई?"

राजाबाईनं गळा साफ केला. माइक जवळ होता, तरी ती कळप हाकावा तशा आवाजात बोलली. "आप्पासाहेबांची राणी."

ते सगळ्या मैदानाला ऐकू गेलं. व्यासपीठावर आप्पासाहेब खुर्चीतून उठले. फलकावरची राणी खरोखरच त्यांच्या पायाशी बसलेली होती. तिथं माणसांनी एकदा तिच्याकडं पाहिलं आणि एकदा झुल्याच्या पाठीवरच्या झुलीकडं. पट्ट्याला पट्टा जुळत होता. तरी आप्पासाहेब म्हणाले, "ही बाई खोटं बोलते. राणीला असलं पिल्लू कधी झालं नाही. विचारा माझ्या माणसाला. रामप्रसाद!"

रामप्रसाद राणीची साखळी धरून उभा होता. राजाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं शब्द दिला होता, तिला त्याचं नाव घ्यायचं नव्हतं. ती खाली झुल्याच्या कानाकडं बघत राहिली. तिला वाटलं, झालं, आता हा नाही म्हणणार, आणि त्यानं नाही म्हटलं तर त्यालाही कोण दोष देईल? घरी लेकरं आहेत.

"झाली होती," रामप्रसाद म्हणाला. आवाज एवढा बारीक की माइकवाल्यानं "काय?" म्हणून विचारलं. तेव्हा त्यानं मान वर केली. "झाली होती म्हणलं. दोन. खदानीत टाकायची होती, मी टाकली नायत. हे त्यातलंच हाये." आणि त्यानं राणीची साखळी खांबाला बांधली, कारण पुढं काय होणार ते त्याला कळलं होतं.

थोडा वेळ नुसता गलका झाला. शेवटी लातूरहून आलेले म्हातारे परीक्षक पुढं झाले. त्यांना या भांडणात रस नव्हता. "पळवून दाखवा," एवढंच ते म्हणाले.

राजाबाईनं दोरी सोडली. झुल्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला आणि परत आला. ते पळणं ज्यांनी पाहिलं ते अजून सांगतात. कुणीतरी ओरडून विचारलं, "साहेब, पण हा बांडा चालतो का?"

"पळतो आहे ना?" परीक्षक म्हणाले. मग दात बघायला म्हणून त्यांनी झुल्याच्या जबड्याला हात घातला. परक्याचा हात लागताच झुल्यानं झडप घातली आणि त्यांच्या कोटाची बाही फाडून हातात दिली. झुल्या बाद झाला.

"कुत्रा चांगला आहे," फाटकी बाही दुमडत परीक्षक म्हणाले. "स्वभाव तेवढा मालकिणीवर गेलाय."

लोक हसले. राजाबाईही हसली. बक्षीस आप्पासाहेबांच्याच एका वाघ्याला मिळालं आणि त्यांनी ते घेतलं.

रामप्रसादची नोकरी त्याच संध्याकाळी गेली. तो आठवडाभर कुणाला दिसला नाही. मग राजाबाईच त्याच्या दारात गेली आणि आपली निम्मी मेंढरं त्याला अर्धलीनं, म्हणजे होतील ती कोकरं निम्मी-निम्मी या बोलीवर, राखायला दिली. "मी तुजं नाव घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "ठावं हाये," तो म्हणाला, "म्हून तर बोललो." कडुबाची नोकरी मात्र राहिली. आप्पासाहेबांना बहुधा त्याची आठवणच राहिली नव्हती. पण बहिणीशी तो सात-आठ महिने बोलला नाही. दिवाळीला ती फराळ घेऊन गेली तेव्हा त्यानं दार उघडलं, डबा घेतला आणि म्हणाला, "कलप लई महाग होता, अक्का." तिथून त्यांचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

आप्पासाहेबांचं काही बिघडलं नाही. त्यांची कुत्री पुण्या-मुंबईला जातात. पण त्यांच्या कुत्रीला कधी बांडं पिल्लू झालं तर ते खदानीकडं जात नाही, एवढं खरं. ते मुकाट्यानं राजाबाईच्या माळावर पोचतं. कोण आणून ठेवतं ते ती विचारत नाही.

माणसं हळूहळू परत यायला लागली. आधी पैठणकडचे मेंढके आले, मग कारखान्यातले साहेब लोक आणि शहरातली तरुण पोरं. आले की ठरलेलं वाक्य: खैरा दाखवा, वाघ्या आहे का, बांडं नको. राजाबाईनं ते काही दिवस ऐकलं आणि मग कायदाच करून टाकला. पिल्लं डालग्याखाली झाकायची. ज्याला हवं त्यानं खाली हात घालायचा आणि हाताला येईल ते न्यायचं. बघायचं नाही, बदलायचं नाही.

सोळाच्या दुष्काळात, लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं त्या उन्हाळ्यात, एका कारखान्याचे मोठे साहेब गाडी घेऊन आले. त्यांना काळं हवं होतं. नियम ऐकून ते तडकले.

"हा काय जुगार आहे का? मी दुप्पट देतो. मला निवडू द्या."

"देवानं तुमाला निवडू दिलं होतं का?" राजाबाईनं विचारलं. "जे पोटी आलं ते पोसलंच ना?"

साहेब रागारागानं गाडीत जाऊन बसले. गाडी वळली, भिंतीपर्यंत गेली आणि तिथं थांबली. मागच्या सीटवरची त्यांची बायको खाली उतरून चालत परत आली. पदर खोचून उन्हात गुडघे टेकून बसली आणि डोळे मिटून तिनं डालग्याखाली हात घातला. तिच्या हाताला काहीतरी लागलं, आणि ती जोरात हसली, कारण त्यानं तिचं बोट चावलं होतं.

"हेच," ती म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच होते.

"आधी बघ तरी," राजाबाई म्हणाली.